ऐनाचा पाला, आफ्रिकेची अळी

बाबा, तुम्हाला एका अळीबद्दल सांगायचं आहे. ती आपली नाही, आफ्रिकेतली आहे. पूर्ण वाढली की माझ्या बोटाएवढी लांब होते, अंग काळं, त्यावर पांढुरके, पिवळे आणि तांबडे ठिपके, आणि पाठीवर आखूड काटे. तिचं पाखरू मात्र आपल्या कोशाच्या पाखराच्याच घराण्यातलं. तेच तळहाताएवढे पंख, पंखांवर तेच डोळे. तेही जन्मल्यावर काही खात नाही, चार दिवस उडतं, अंडी घालतं आणि मरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हात जोडले. तुम्ही जोडायचात तसेच, नकळत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि सिंगापूरसारख्या ठिकाणी, जिथे सगळं काचेचं आणि थंडगार आहे, तिथे एका पाखरापुढे माझे हात तुमच्यासारखे जुळतात याचं मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

ही अळी पाळणारी मुलगी पुण्याची. इथल्या विद्यापीठात संशोधन करते. माझ्या बायकोला पुंगोलच्या छोट्या लोकल गाडीत, एलआरटीत भेटली. फोनवर आईशी मराठीत भांडत होती म्हणून हिने ओळख काढली, आणि मग ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागली. ती मला काका म्हणते. तिचं काम असं, की ही अळी मूळची मोपाने नावाच्या झाडावर वाढते, पण ते झाड नसेल तर आणखी कशावर जगू शकते ते शोधायचं. मोपानेचं पान तिने दाखवलं. आपल्या आपट्यासारखं, मधून दुमडलेलं, दोन पाकळ्यांचं. दसऱ्याला तुमच्या हातात ठेवलं असतं तर तुम्ही सोनं म्हणून घेतलंही असतं. तर काचघरात लावलेली मोपानेची रोपं मोजकी होती आणि त्यांचा पाला संपत आला होता. दुसऱ्या कुठल्या तरी पाल्यावर एक तरी खेप अंड्यापासून शेवटपर्यंत जगवून दाखवायची, नाहीतर तिची नेमणूक वाढणार नव्हती, आणि नेमणूक नाही तर इथे राहायचा पास नाही. डिसेंबरात सामान बांधून पुण्याला.

एका रविवारी जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप उघडून यादी दाखवली. आफ्रिकेत ही अळी ज्या ज्या झाडांवर सापडली त्यांची नावं. सगळी लॅटिनमधली, मला काही कळेना. मग ती एकेक सांगू लागली. ही करवंदाच्या कुळातली. ही तेंदूच्या. ही उंबराच्या. आणि ही, ती म्हणाली, टर्मिनालिया, म्हणजे आपला ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा असतो ना, त्यांची. मी हातातली वाटी खाली ठेवली. बाबा, समुद्रापलीकडच्या कुठल्या कोरड्या रानातली यादी, आणि ती आपल्या नाल्यापासून टेकडीपर्यंतच्या वाटेसारखी वाचता येत होती. करवंद, तेंदू, उंबर, ऐन. मी म्हणालो, "माझे वडील ऐनावर कोसा पाळायचे." माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. तिला मी सांगितलं होतं की वडील जंगलाचं काम करायचे. जंगलाचं काम म्हटलं की शहरातली माणसं सरकारी नोकरी समजतात, आणि मी ती समजूत कधी दुरुस्त केली नव्हती. आमच्या मुलीने विचारलं, "कोसा इज व्हॉट?" मग मी सांगत बसलो, चहा दोनदा झाला.

सांगितलं ते असं. कोसा म्हणजे रानातल्या किड्याचं रेशीम. आपण ढिवर. वर्षातले दहा महिने तलाव आणि नदी, जाळं आणि मासे. पण पावसाळ्याच्या शेवटी तुम्ही जाळं खुंटीला लावून रानात जायचात. पाखरांनी घातलेली अंडी पानांच्या दोन्यात ठेवून ऐनाच्या फांदीला टोचायची, अळ्या फुटल्या की त्या पाल्यावर चढायच्या, एक झाड खाऊन संपलं की फांदीसकट उचलून दुसऱ्यावर न्यायच्या, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवस कावळे, मुंगळे, गांधीलमाशा यांच्यापासून त्यांना राखायचं. शाळेच्या परीक्षेत प्रश्न होता, रेशमाची अळी कोणता पाला खाते. मी ऐन लिहिलं, आणि गुरुजींनी शून्य दिलं, कारण पुस्तकात तुती होती. मी रडत रानात आलो. तुम्ही गुलेल साफ करत होतात. म्हणालात, "गुरुजीले सांग, आपल्या किड्यानं ते पुस्तक वाचलं नाही." आणि स्वतःच इतके हसलात की फांदीवरचा कावळा उडाला.

माझ्या मुलीला हसू आलं. पण नेमाचं सांगितलं तेव्हा पुण्याची मुलगी लक्षपूर्वक ऐकू लागली. ते दिवस तुम्ही नेम पाळायचात. एक वेळ जेवण, ते स्वतः रांधलेलं. मासा नाही, मटण नाही, डोक्याला तेल नाही, वस्तरा नाही, खाटेवर झोपणं नाही, रानात पायात चप्पल नाही. आईने नाला ओलांडायचा नाही. जो कोणी आत येईल त्यानेही त्या दिवशी मासा खाल्लेला नसावा. मी तांदूळ, मीठ आणि काड्यापेटी घेऊन यायचो तेव्हा नाल्यापाशी मांडलेल्या दगडांच्या रांगेपलीकडून तुम्ही विचारायचात, "काही खाल्लं नाही ना रे?" मी नाही म्हणायचो, मग आत यायचो. तुम्ही माझा हात धरून ऐनाच्या बुंध्याला लावायचात आणि मग आपल्या कपाळाला.

रविवारच्या त्या गप्पांत मी इथेच थांबलो. पुढचं तुम्हाला सांगायचं आहे.

मी सातवीत होतो. त्या दिवशी तांदूळ घेऊन निघालो, पण वाटेत मामाचं घर लागतं. मामीने तलावातले झिंगे आंबाडीत घातले होते. तिला माहीत नव्हतं मी कुठे निघालोय, आणि मी सांगितलं नाही. तीन आठवडे घरातही मासा शिजला नव्हता, कारण रोज मलाच रानात जायचं असायचं. मी बसतो. मामी वाढते. आंबाडीचा आंबटपणा आजही जिभेवर आहे. मग नाल्यावर खळखळून चूळ भरतो, वाळूने ओठ घासतो, आणि दगडांच्या रांगेशी उभा राहतो. पलीकडून तुम्ही विचारता. मी म्हणतो, नाही. तुम्ही माझा हात झाडाला लावता.

पाचव्या-सहाव्या दिवशी अळ्या मरू लागल्या. मागच्या पायांनी फांदीला धरलेल्या आणि डोकं खाली लोंबतंय, अंग मऊ, आतून काळं पाणी. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. आठ दिवसांत रान रिकामं झालं. तुम्ही ओरडला नाहीत. घरी आलात, काकाला, आईला, मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "कोणाच्या हातून काही झालं असन तर सांगा. मी रागावत नाही." मी चटईची काडी मोडत बसलो होतो. कोणीच बोललं नाही. मग तुम्ही उठलात, रानातल्या देवीला नारळ फोडलात आणि म्हणालात, "मग माझंच चुकलं असन. दुसऱ्या कोणाचं नाही तर माझंच." आणि मासा सोडला. नेमापुरता नाही, कायमचा. सतरा वर्षं तुम्ही रोज जाळं टाकलंत, मासे काढलेत, सोललेत, बाजारात नेलेत, आणि घरी येऊन वरण-भात जेवलात. आई दोन भांडी चढवायची. पाहुणे थट्टा करायचे, ढिवराच्या घरी जन्मलेला बामण म्हणायचे. तुम्ही हसायचात. मी तुमच्यासमोर बसून मासे खायचो, बाबा, आणि तुम्ही मला काटे काढून द्यायचात.

पुढच्या रविवारी मी त्या पुण्याच्या मुलीला अगदी सहज विचारावं तसं विचारलं, अळी उलटी लटकून मरते ते कशाने? ती म्हणाली, "व्हायरस, काका. दमट हवेत, गर्दीत फार पसरतो. आम्हालाही त्याचीच भीती." मी म्हणालो, आमच्याकडे म्हणायचे, राखणाऱ्याने मासा खाल्ला तर होतं. ती हसली नाही, तिचं मला तेच आवडतं. म्हणाली, "माशाचा संबंध नाही काका. पण जो माणूस बाजारात जात नाही, कुणाकडे जेवत नाही, एकटा राहतो, त्याच्या हातून रोगही कमी जातो. तुमच्या बाबांचा नेम वेडा नव्हता." त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला तेव्हा मला सदतीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. हे हलकेपण दोनच दिवस टिकलं. पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना अचानक मनात आलं, की झिंग्यांनी अळ्या मेल्या नसतील, पण मी खोटं बोललो ते बोललोच, आणि तुम्ही मासा सोडलात तो काही अळ्यांसाठी नाही, आम्हा तिघांपैकी कुणाला तरी वाचवण्यासाठी.

म्हणून तिने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. तिचा मदतनीस गावी गेला होता, शनिवारी पाला बदलायला कुणी हवं होतं, आणि काकांना अळी हाताळता येते हे तिला ठाऊक झालं होतं. तिने परवानगी काढली, माझ्याकडून दोन कागदांवर सह्या घेतल्या. इथे ऐन नाही. पण त्याच्याच कुळातला बदाम आहे, समुद्रकाठचा, मोठ्या पानांचा. विद्यापीठाच्या आवारात एक होता, आणि त्याचा पाला घ्यायला बागवाल्यांनी हो म्हटलं होतं. दोन पेट्या होत्या. एक आधीच आजारी, तिची आशा सोडलेली, केवळ नोंदीसाठी ठेवलेली. दुसरी निरोगी, साठ-पासष्ट अळ्यांची, सगळी भिस्त तिच्यावर. नियम सोपा होता. हातमोजे घालायचे, आधी निरोगी पेटी, मग आजारी, उलटं कधीच नाही.

मी नेम धरला. मासा सोडला, अंडं सोडलं, दाढी वाढू दिली, ऑफिसात विचारलं तेव्हा त्वचेची तक्रार सांगितली. बायको म्हणाली, "श्रावण तर कधीच संपला, हे काय नवीन?" माझी मुलगी म्हणाली, "पापा ऑन डाएट लाह, मम्मी. लेट हिम." मी हसून सोडून दिलं. खरं तर मी तुमचं काम करत होतो असं मला वाटत होतं. पाच शनिवार मी गेलो. अळ्या बदाम खात होत्या, पानं कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता, तुम्हाला आठवतो ना तो, पावसाच्या भुरभुरीसारखा. मी तिला म्हणालो, मोठ्या अळीला कोवळं पान देऊ नको, जुनं जरठ दे. तिने करून पाहिलं, विष्ठा सुकी आणि टणक झाली, म्हणजे अळ्या ठणठणीत. ती इतकी खूश झाली, म्हणाली, "काका, माझ्या प्रोफेसरला हे माहीत नव्हतं." मी तिला गमतीत म्हणालो, माझ्या प्रोफेसरला होतं.

तिने एकदा सांगितलं की आफ्रिकेत लोक ही अळी वाळवून खातात, तिची आतडी पिळून काढतात आणि उन्हात घालतात. मी म्हणालो, पुरे कर. ती म्हणाली, तुम्ही कोसा उकळायचा ना, आत जीव असताना? बाबा, तुम्ही उकळायच्या आधी भांड्याला हात जोडायचात आणि पाठ फिरवून बसायचात, ते मला आठवलं. मग तिनेच सांगितलं की ही अळी कोसा करतच नाही. वाढ पूर्ण झाली की झाडावरून उतरते आणि मातीत शिरते, तिथेच रेशमाशिवाय रूप पालटते. बाबा, तुम्हाला हे फार आवडलं असतं.

सहाव्या शनिवारी माझ्या हातून झालं ते असं. दर वेळी पाला घालण्याआधी मी पेट्यांपुढे क्षणभर हात जोडायचो. रबरी हातमोजे घालून नमस्कार बरा वाटेना. तो बूट घालून देवळात शिरल्यासारखा वाटायचा. म्हणून त्या दिवशी मोजे काढले, हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले तर समोर आजारी पेटीत एक अळी डोकं खाली टाकून लटकत होती, नुकतीच. मला काय झालं मला कळलं नाही. हात पुढे गेला, मी ती उघड्या बोटांनी अलगद काढली, पिशवीत टाकली, आणि तशाच हातांनी निरोगी पेटीत नवी फांदी ठेवली. मोजे टेबलावर तसेच पडलेले. ते दिसले तेव्हा मी हात धुतले, स्पिरिट लावलं, आणि स्वतःला सांगितलं की एवढ्याने काही होत नाही. नेम तर पाळलाय. सहा आठवडे मासा शिवला नाही.

पुढच्या गुरुवारी तिचा फोन आला. निरोगी पेटीत सुरू झालं होतं. तिचा आवाज अगदी सपाट होता. ती एकेक गोष्ट तपासत होती. पाणी, पाला, थंड करायची यंत्रणा, बागेत कुणी औषध फवारलं का. "काका, शनिवारी काही वेगळं झालं होतं का?" मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. मला खरोखर वाटलं की पायांखाली दगडांची रांग आहे. नाही म्हणणं किती सोपं होतं, बाबा. तिच्याकडे संशय घ्यायला दहा कारणं होती. मी म्हणालो, "माझ्या हातून झालं." आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "हात जोडायला मोजे काढले?"

"हो."

"काका, एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला. एकच." आणि फोन ठेवला.

तीन रविवार ती आली नाही. बायकोने विचारलं, तुमचं काही बिनसलं का. मी सांगितलं, तिचं नुकसान केलं मी. एकदा तिचा निरोप आला, त्यात शिव्या नव्हत्या, पण त्या असत्या तर बरं झालं असतं असे शब्द होते. तो मी अजून पुसलेला नाही. विचित्र वाटेल तुम्हाला, पण तो वाचून मला झोप लागली. कुणीतरी माझ्यावर, माझ्याच चुकीसाठी, सरळ रागावलं होतं. तुमचा राग मी तुम्हाला येऊच दिला नाही. तुम्ही तो आत वळवलात आणि सतरा वर्षं त्याच्यासोबत वरण-भात जेवलात.

मी खरं बोललो म्हणून सगळं निभावलं असं म्हणत नाही. पण कारण कळल्यामुळे तिने त्याच दिवशी पेटी रिकामी केली. प्रत्येक अळी वेगळ्या डब्यात, वेगळं पान, प्रत्येक डब्यानंतर हात धुणं. साठातल्या एकोणीस वाचल्या. एकोणीसच्या एकोणीस बदामाच्या पाल्यावर वाढल्या आणि मातीत शिरल्या. चौथ्या रविवारी ती दारात उभी राहिली, म्हणाली, "काकू, भात आहे का?" आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की नेमणूक एक वर्षाने वाढली. प्रबंधात तिने जरठ पानाचं लिहिलं आहे. तुमचं नाव तिने विचारलं, मी सांगितलं, पण छापू नको म्हणालो. आता पुन्हा शनिवारी जातो, फक्त रोपांना पाणी घालायला. पेट्यांच्या खोलीत मला मज्जाव आहे, आणि ते बरोबर आहे.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं, आता आईला सांगायचं. ती अठ्ठ्याहत्तरची आहे, कान चांगले आहेत, दर रविवारी फोनवर बोलतो. मागच्या महिन्यात मी विषय काढला. म्हणालो, आई, तुला ते वर्ष आठवतं, सगळा कोसा मेला ते? ती म्हणाली, "माझ्यानंच झालं ते, बाबू. तुझ्या बापाले ताप होता त्या आठवड्यात. मी नाला ओलांडली, काढा घेऊन गेली. तो झोपेत होता, त्याले माहीतच नाही. मी सांगतलं नाही. त्यानं विचारलं तं जीभच उचलली नाही. त्यानं मासा सोडला, मी रोज वेगळं भांडं मांडलं." एवढं बोलून ती हलकेच रडू लागली, इतक्या वर्षांनी.

बाबा, माझ्याकडे तिच्यासाठी दोन वाक्यं होती. एक म्हणजे तो रोग होता, नाला ओलांडल्याने येत नाही. दुसरं झिंग्यांचं. पहिलं सांगितलं असतं तर ती विचारणार, तुला कसं रे माहीत, तू हे का शोधत बसला होतास. मी फोन कानाला धरून उभा होतो, खाली मुलं सायकली फिरवत होती. मी तिला विचारलं की तिकडे पाऊस कसा आहे. ती आवाज सावरून म्हणाली, बरा आहे.

त्यानंतर चार रविवार झाले. चारही वेळा मी पावसाचंच विचारलं.